नुसत्या चार्जिंगची केबल

गिटारची पिशवी पाठीला, डोळे मोबाइलवर – अशी ती भरभर चालली होती, आणि दुकानाबाहेर टांगलेल्या केबलींच्या जुडीत पिशवीचं टोक अडकलं. सगळी जुडी खाली! काळ्या, पांढऱ्या, निळ्या केबली तिच्या पायांत.

“अहो, हलू नका! हललात की गाठ बसते.”

दुकानातला तरुण धावत आला, गुडघे टेकून एकेक केबल सोडवू लागला. झोपलेल्या बाळाच्या मुठीतून पदर सोडवावा, तशी.

“गुंत्या म्हणतो आम्ही याला,” आतून त्याची आत्या म्हणाली. “लहानपणी माझी लोकर गुंतवायचा. आता जन्मभर सोडवत बसलाय.”

ती हसली. मग पिशवीतून तळहाताएवढी एक डबी काढून म्हणाली, “आलेच आहे तर... गिटारचा आवाज या डबीत जातो. डबीतून मोबाइलमध्ये कसा न्यायचा?”

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. जीव मात्र सहा तारांत अडकलेला. दूरच्या एका संगीतशाळेला शिक्षिका हवी होती. शनिवारी पाचच्या आत वाजवलेलं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं.

“आणि निवड झाली तर?”

“तर जाईन. रात्रभराचा प्रवास आहे.”

“हं,” तो म्हणाला. जरा उशिराच.

त्या दिवशी त्याने अ‍ॅडॉप्टर दिला. दुसऱ्या दिवशी ती परत हजर. “मोबाइल म्हणतो, वीज पुरत नाही.”

“डबी खादाड आहे तुमची. एकटा मोबाइल किती पोसणार?” त्याने दोन तोंडांचा अ‍ॅडॉप्टर दिला – एकात डबी, दुसऱ्यात चार्जर.

तिसऱ्या दिवशीही ती आली.

“आज काय बिघडलं?”

“काही नाही... तुमची नजर तपासायची राहिलीय.”

“माझी नजर चांगली आहे.”

“मग बोलताना ती अ‍ॅडॉप्टरवर का असते?”

आत आत्याला एकदम खोकला आला.

शनिवारी साडेतीनला मात्र ती धापा टाकत आली. डबीच्या केबलची पिन आतच मोडली होती. “आता काय करू? दीडच तास आहे!”

“इथेच वाजवा.” त्याने खणातून हाताला लागली ती केबल काढून जोडली. डबीवर हिरवा दिवा लागला. आत्याने शटर अर्धं ओढलं. तिने डबीला जोडलेले हेडफोन चढवले. त्यात तिचीच गिटार लख्ख ऐकू येत होती. बाहेरचं जग गप्प झालं. तिने डोळे मिटले आणि वाजवलं – तळ्यावरून वारा जावा तसं, हलकं, लांबवर.

संपल्यावर हेडफोन काढून तिने रेकॉर्डिंग लावलं. आवाज मोबाइलमधूनच, मोठ्याने आला. गिटार कुठेतरी भिंतीपलीकडे वाजत होती. अलीकडे होती दोन माणसं.

‘आत्या, हळू बोल गं.’

‘तिच्या कानांवर झाकणं आहेत. तू काय बघतोयस एवढं?’

‘बोटं... ही निवडली जाणार. आणि जाणार.’

‘मग द्यायची होतीस तुटकी केबल.’

‘छे! तिचं वाजवणं पोचलंच पाहिजे. माझं काय... मी शनिवार मोजत बसेन.’

तिघंही पुतळे झाले. आत्याच आधी हलली. “मी चहा टाकते,” म्हणत आत पळाली.

त्याने केबल काढून पाहिली. कान लालबुंद. “ही... नुसत्या चार्जिंगची आहे. वीज नेते, म्हणून दिवा लागला. आवाज नेतच नाही. मोबाइलने आपल्याच माइकवर घेतलं –”

“सगळंच.”

“दहा वर्षं केबली विकतोय. अशी चूक कधी केली नाही. लक्ष... लक्ष नव्हतं माझं.”

“ऐकलं मी, कुठे होतं ते.”

घड्याळात सव्वाचार. त्याने दुसरी केबल शोधली, जोडली. एक तार छेडायला लावली, डबीचा आवाज मोबाइलमध्ये येतोय याची दोनदा खात्री केली. “आता वाजवा. मी बाहेर थांबतो.”

“नको. इथेच बसा. फक्त... बोलू नका.”

या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. एकेक सूर त्याच्याकडे बघून गेला, आणि तोही बघत राहिला – नजर न चुकवता.

पाचला दहा मिनिटं कमी असताना रेकॉर्डिंग गेलं. तो केबलची गुंडाळी करत पुटपुटला, “छान झालं. निवड होणारच.”

“होऊ दे ना. मी काही शनिवार मोजत बसणारी नाही.”

त्याचे हात थांबले.

“रात्रभराचाच प्रवास आहे,” ती म्हणाली. “शुक्रवारी दुकान बंद करून निघालात, तर सकाळी पोचाल. याल?”

“येईन!” तो इतक्या घाईने म्हणाला, की स्वतःच लाजला. “म्हणजे... काय काय घेऊन येऊ? केबल, अ‍ॅडॉप्टर, चार्जर...?”

तिने त्याच्या हातातली गुंडाळी हळूच काढून बाजूला ठेवली.

“रिकाम्या हाताने या,” ती म्हणाली – आणि रिकामा झालेला तो हात तिने आपल्या हातात घेतला.