दुसऱ्यात सुटणारा गिअर

दादाची मोटारसायकल विकायला वहिनी काही केल्या तयार होत नव्हती. त्याचा जीव त्याच गाडीवर गेला होता. समोरून ट्रक येत असताना ऐन वेळी दुसरा गिअर सुटला आणि गाडीनं वेगच घेतला नाही. तरी कामावर जायला वहिनीला तीच गाडी हवी होती. गिअर तेवढा नीट करून द्या, असं तिनं दिराला सांगितलं. दिराच्या हाताला अशा कामाची सवय होती. मन कचरत होतं, पण नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

दुपारी जेवण उरकून तो घरामागच्या शेडमध्ये शिरला. गाडी मेन स्टँडवर घेतली, क्लचची वायर ताणून पाहिली, इंजिनमधलं जुनं ऑईल काढलं. काळंकुट्ट निघालं ते, आणि त्याचा जळका वास नाकात जाऊन बसला. गिअरचा दांडा हलवून पाहिला तर तो लुळा पडलेला, आतले दाते पार झिजलेले. दोष हाती लागला म्हणून त्याला हायसं वाटलं. नवा दांडा बसवून त्यानं बोल्ट आवळला, नवं ऑईल ओतलं. मग इंजिन बंदच ठेवून एका हातानं मागचं चाक फिरवत दुसऱ्या हातानं तो गिअर टाकू लागला. पहिला, दुसरा, तिसरा. कुठेच अडलं नाही.

गिअर न्यूट्रलला आणून हात पुसायला तो उठला, तोच पाठीमागे आवाज झाला. खट्…

दांडा खाली गेला होता. स्प्रिंगनं ओढला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण मग त्याच्या डोळ्यांदेखत हँडलवरचा क्लच आत दबला, दांडा वर उचलला गेला आणि क्लच सावकाश सुटला. मागचं चाक फिरू लागलं. इंजिन थंडगार होतं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काय करतोय हे न कळून त्यानं दांडा गच्च पकडला. खालून जोराचा रेटा आला. त्याच्या बोटांना बुटाचं चामडं लागलं… पण दिसत काहीच नव्हतं.

"भावोजी… बसला ना गिअर?"

वहिनी दारात उभी होती. कधी आली, त्याला कळलंच नव्हतं.

"वहिनी… आत येऊ नका."

मागचा दुमडलेला फुटरेस्ट टक् करून उघडला. तिनं तो पाहिला. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूसही नव्हता, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटलं.

"त्या दिवशी म्हणाले होते, चल, बस मागे…" ती हळूच म्हणाली. "मीच नको म्हटलं."

ती पुढे सरकली. त्यानं झेप घेऊन तिचा दंड धरला, तिला अक्षरशः ओढत घरात नेलं, खुर्चीत बसवलं आणि धावत परत येऊन शेडला कुलूप घातलं. आत चाक फिरतच होतं.

घामाघूम होऊन तो घरात आला. वहिनी खुर्चीतच होती. डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात पुढे, कुणाच्या तरी कमरेला विळखा घालावा तसे एकमेकांत गुंतलेले. त्यानं हाका मारल्या, बोटं सोडवून पाहिली, सुटेनात.

खिडक्या बंद होत्या. पंखाही बंद होता. तिचे केस मात्र भरधाव गाडीवर उडावेत तसे मागे उडत होते.