उजवीकडची जागा

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून सात महिने माझ्या सासूबाई, हाज्जा झोहरा, एक शब्द बोलल्या नव्हत्या. दर शुक्रवारी दुपारी मी त्यांना चौकातल्या मशिदीत न्यायचे. इटालियनांच्या काळात ते कॅथेड्रल होतं; त्रिपोलीतले जुने लोक टॅक्सीवाल्याला अजून 'चर्चपाशी सोड' म्हणतात. बायकांच्या भागात, खांबाशेजारी, मी त्यांची खुर्ची लावायचे.

त्या शुक्रवारी नमाज संपल्यावर त्या बोलल्या. माझ्याशी नाही. उजवीकडच्या रिकाम्या गालिच्याकडे बघत, इटालियनमध्ये. मध्ये थांबत, ऐकल्यासारखी मान हलवत. एकदा तर चक्क लाजून हसल्या.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. खैरीनं चहाचा पेला खाली ठेवला. आई लहानपणी एर्सिलिया नावाच्या इटालियन शिंपिणीकडे शिवण शिकायची, म्हणाला. ती बाई प्रार्थनेला त्याच कॅथेड्रलमध्ये जायची. सत्तर साली सगळ्या इटालियनांना देशाबाहेर काढलं, तेव्हा तिलाही बोटीत चढावं लागलं. पुढे पत्र नाही, काही नाही.

"वय झालंय तिचं, नजात. भास होतात," म्हणून त्यानं विषय संपवला.

पण दर शुक्रवारी तेच. घरी आल्या की पुन्हा मुक्या. मग त्यांनी जेवण सोडलं. शोरब्याचा चमचा ओठांशी नेला की तोंड फिरवत. डॉक्टर नळी घालायचं म्हणू लागले.

पुढच्या शुक्रवारी मी लाज सोडली. बायका चपलांकडे निघाल्या होत्या. मी त्या रिकाम्या जागेसमोर जाऊन बसले. तिथे वितळलेल्या मेणाचा वास होता.

"सिन्योरा," मी हळूच म्हटलं, "आमचं त्या ऐकत नाहीत. तुम्ही तरी सांगा."

सासूबाईंनी दटावलेल्या मुलीसारखी मान खाली घातली.

त्या संध्याकाळी त्या वाडगाभर शोरबा प्यायल्या. खैरी स्वयंपाकघरात जाऊन रडला.

त्यानंतर त्या अकरा महिने जगल्या. गेल्या त्या झोपेतच.

त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी एकटी मशिदीत गेले. नमाज संपली, तरी बराच वेळ तशीच बसून राहिले. मग उठायला गुडघ्यावर हात टेकला.

"हळू ऊठ, पोरी," उजवीकडून कुणीतरी मोडक्या अरबीत म्हणालं. "दोन जिवांची आहेस."

वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

मला स्वतःलाच ते अजून ठाऊक नव्हतं.