बाळंतिणीचा वाटा

जानकूआबा ही गोष्ट अंगणातच सांगतात, तीही दिवे गेले की. ऋषी आणि तेजस्विनी, दोन्ही नातवंडं, मोबाईल पालथे ठेवून जवळ सरकतात. गोष्ट आबांच्या भाच्याची, रामनाथची. याच गावातली, डिंगोऱ्यातली.

शिमग्याला तेरा दिवस होते. शुक्रवार. दिवस मावळायला रामनाथ गव्हाकडे निघाला, फास बघायला. रानडुकरं गहू लोळवत होती, म्हणून त्यानं आणि भावकीतल्या तिघांनी बांधावर क्लचवायरचे फास लावले होते.

"फॉरेस्टवाले धरतील की, आबा," ऋषी म्हणाला.

"धरत्यात. पर गावचा नेम ऐक आधी. शिकारीचं काळीज बाळंतिणीच्या घरी जातं, दूध उतरायला. आन शिमग्याच्या तोंडावर मादी घावली तर सोडायची. पिलं असत्यात."

रामनाथची सोनल दीड महिन्याची बाळंतीण. अंगावर दूध नव्हतं. मेथी झाली, शतावरी झाली. डब्याचं दूध पोराला पचेना. वजन उतरत चाललं होतं. ते काळीज रामनाथला हवंच होतं.

फासात डुकरीण होती. जिवंत. सडांतून दूध गळत होतं. शेजारच्या उसात पिलांचं बारीक चिरकणं चाललेलं. बाकीचे तिघं अजून ओढ्यापलीकडे होते. तार सैल केली असती, तर गेली असती बिचारी.

रामनाथनं कुऱ्हाड उचलली. मग सड कापून बांधाखाली पुरले. माणसं आल्यावर म्हणाला, "नर व्हता, राव."

काळीज शिजलं. सोनलनं बोटं चाटली. "लई गोड हाय हो!" आणि नऊच्या सुमाराला तिला पान्हा फुटला. पोर पहिल्यांदा पोटभर प्यालं. रामनाथनं मात्र आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

रात्री दोनला पोर किरकिरलं. सोनल गाढ झोपलेली. रामनाथनं पोर खांद्यावर घेतलं, अंगणात फेऱ्या घातल्या. पोर निजलं. तो दाराशी आला.

आत सोनल बोलत होती. हळू.

"पी... पी रे राजा..."

चुटूचुटू आवाज. पिण्याचा. एका तोंडाचा नव्हे.

खांद्यावर पोराचा श्वास गरम लागत होता.

बॅटरी हातात होती. लावली नाही. हाक मारायला तोंड उघडलं... पण हाक मारली, तर सगळंच सांगावं लागलं असतं. सड... बांध... तिनं काय खाल्लं ते...

पोर खांद्यावर घेऊन तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. उजाडेपर्यंत.

"मग?" तेजस्विनीनं विचारलं.

आबांनी आवाज आणखी खाली आणला.

सकाळी सोनल कण्हतच उठली. "सांगा तुमच्या लेकाला. रातभर नुसतं चावत व्हता."

तिनं पदर सारला. बारीक बारीक भोकं. सुईनं टोचल्यागत. रक्त सुकलेलं.

रामनाथनं पोराच्या तोंडात बोट घातलं. वर फिरवलं. खाली फिरवलं.

नुसत्या मऊ हिरड्या.