लंबू-टिंगूचा न आलेला अल्बम

यातला एक शब्दही मी बनवलेला नाही. बनवता आलं असतं तर जरा बरी गोष्ट बनवली असती.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. जेवणं उरकून माणसं आडवी होतात ती वेळ. एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या वरचा मजला. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. गाड्या जात होत्या, माणसं बोलत होती, पण…

आवाज येत नव्हता.

मी वाद्यं दुरुस्त करते. जुने कीबोर्ड, सिंथेसायझर, विजेवर चालणारं आणि पट्ट्या असलेलं काहीही. काम बाबांनी शिकवलं. दुकान आम्हा दोघांचं. ते वाद्य उघडायचे, मी जोडायची.

त्या दुपारच्या जरा आधी, त्याच वर्षी बाबा गेले.

मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली… दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा होतो, तशी मी अख्खी झाले होते. गाल जागेवर असतो, पण आपला नसतो.

माझा धाकटा भाऊ टिल्ल्या. चांगला सहा फुटी आहे, पण लहानपणचं नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याला एकच वेड. यंत्रांवर संगीत करणारी एक जोडी. ना मुलाखत, ना कार्यक्रम, ना चेहरा. जगाने त्यांचा एकच फोटो पाहिलाय, तोही पाठमोरा. एक उंच, एक बुटका. म्हणून चाहत्यांनी नावं पाडली, लंबू आणि टिंगू.

त्यांचा शेवटचा अल्बम आला तेव्हा टिल्ल्याला मिसरूड फुटत होतं. आता टक्कल पडायला लागलंय.

तरी चाहत्यांचा ग्रुप रोज नव्या उमेदीने जागा.

"वेबसाइटचा रंग बदललाय. नक्की काहीतरी येतंय!"

"दोघांचं भांडण झालंय, लिहून घ्या."

"अरे, म्हातारे झाले ते. सोडा आता."

बाबा गेल्यावर टिल्ल्या जणू त्या ग्रुपमध्येच राहायला गेला. जेवताना एक हात ताटात, एक फोनवर.

"ताई, तुला काय वाटतं? येईल ना?"

"येईल," मी म्हणायची. मान वर न करता.

त्यातच एक फोन आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. जुना सिंथेसायझर आहे, जागेवरून हलवता येत नाही, घरी येशील का? मी हत्यारांची पेटी उचलली आणि गेले.

दार उघडलं तो माणूस इतका उंच, की चौकटीखाली वाकून उभा होता. पहिल्या शब्दापासून अगं-तुगं.

"ये, आत ये. तो वैतागलाय. उजवीकडच्या पट्ट्या अडकतात."

तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. असेल मुलगा, नाहीतर भाऊ.

खोलीच्या भिंतींना जाड फोम लावलेला. मधोमध लांबलचक सिंथेसायझर. त्याच्यासमोर दोन खुर्च्या, अगदी शेजारी शेजारी. डावीकडच्या खुर्चीवर म्हातारा बसला. उजवीकडची मी मागे ओढायला गेले…

"ती नको."

शांतपणे म्हणाला. कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. मी ते घेतलं.

आमच्या कामाचा पहिला नियम, यंत्र उघडण्याआधी प्लग काढायचा. तो मी स्वतः काढला. वायर गुंडाळून बाजूला ठेवली. हे मुद्दाम सांगतेय.

यंत्र उघडलं. अशा वाद्यांत प्रत्येक पट्टीखाली रबराचा तुकडा असतो. वाजवून वाजवून तो झिजतो. डावीकडची रबरं जुनी होती, पण शाबूत. वर धूळ. कोणी हात लावला नव्हता.

उजवीकडची पार चाळण झालेली. धुळीचा कण नाही. वरच्या पट्ट्या घामाने चिकट…

ओलसरच म्हणा ना.

"खूप रियाज दिसतोय तुमचा," मी म्हणाले.

त्याने हात माझ्यासमोर धरले. सांधे सुजलेले, बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकडी.

"ह्या हातांनी शर्टाचं बटण लागत नाही, बाई. मी फक्त ऐकतो. वाजवतो तो."

तेव्हा माझं लक्ष भिंतीकडे गेलं. फोमवर एक फोटो टाचलेला. दोन पाठमोरी माणसं, एक उंच, एक बुटका. टिल्ल्याच्या खोलीत हाच फोटो दारामागे आहे. रोज बघते मी.

"तुम्ही… लंबू?"

तोंडून निघून गेलं. तो खो-खो हसला. "अजून तेच म्हणतात का? त्याला कळलं तर चिडेल. टिंगू म्हटलेलं त्याला कधीच आवडलं नाही."

"माझा भाऊ वेडा आहे तुमच्यापायी. सगळे वाट बघतायत. येणार आहे का नवीन?"

"माझ्याकडून केव्हाच तयार आहे." त्याने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "त्याला शेवट पसंत पडत नाही. हयात होता तेव्हाही असाच होता. गेल्यावर तर फारच हट्टी झालाय."

मी स्क्रू फिरवत राहिले.

आता वाटतं, तेव्हाच उठायला हवं होतं. पण मला काही वाटलंच नाही. बिचारा एकटा पडलाय, डोक्यावर परिणाम झालाय, एवढंच मनात आलं. आणि तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस हं. तो गेला हे कळलं, की आता संपलं असं म्हणतील लोक. आम्ही थांबलेलो नाही." मी बरं म्हणाले.

नवी रबरं बसवली. पट्ट्या जागेवर लावल्या. प्लग अजून बाहेरच होता. मी फडकं उचललं…

उजवीकडची एक पट्टी खाली गेली.

मग शेजारची.

मग दोन एकदम.

आवाज नाही. नुसत्या पट्ट्या, खाली वर, खाली वर. कोणी वाजवून बघत असावं तसं. एका जागी अडायच्या, थांबायच्या… आणि पुन्हा पहिल्यापासून.

म्हाताऱ्याने डोळे मिटले होते. मान तालात हलत होती.

"मऊ झाल्यात म्हणतोय," तो म्हणाला. "घे, तूच ऐक."

त्याने हेडफोन पुढे केला. त्याची वायर त्याच यंत्रात खोचलेली. ज्याचा प्लग माझ्या पायाशी पडला होता.

मी तो कानाला लावला.

संगीत नव्हतं. कोणीतरी घसा खाकरला. अगदी जवळ. मग साध्या, जरा त्रासलेल्या आवाजात…

"ही कोण?"

मी काही बोलायच्या आत समोरून लंबू म्हणाला, "दुरुस्त करणारी."

त्याच्या कानाला काहीच नव्हतं.

पट्ट्या थांबल्या. बराच वेळ नुसता श्वास. मग…

"आणि तिच्या मागे?"

लंबूने डोळे उघडले. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. घाबरला नाही तो. दारात पाहुणा आल्यावर आपण होतो ना, तसा झाला. लगबगीने उठला, आपली खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला,

"बसा."

आल्यापासून तो मला अगं-तुगं करत होता. आणि मी तर स्टुलावर बसलेलीच होते.

मी मागे वळले नाही.

हेडफोन काढला. उरलेले स्क्रू लावले. नीट, एकेक करून. पेटी बंद केली. खुर्ची जराशी करकरली, तेव्हाही मान वर केली नाही. "येते," म्हणाले आणि जिना उतरले. खाली रस्त्याचा आवाज एकदम अंगावर आला. बसमध्ये सगळ्यात मागची सीट धरली. पाठीशी फक्त काच.

टिल्ल्याला काही सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात बातमी आली, लंबू गेला. घरच्यांनी दोन ओळींचं निवेदन काढलं. त्यात हेही होतं, की टिंगू कितीतरी वर्षांपूर्वीच गेलेला. ग्रुपवर रडारड. कोणीतरी लिहिलं, 'म्हणजे आपण इतकी वर्षं एका मेलेल्या माणसाची वाट बघत होतो.' टिल्ल्या जेवणाच्या टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. बाबांच्या वेळी रडला होता तसा.

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

वाटलं, अल्बमचं विचारेल. त्याने विचारलंच नाही.

"बाबा होते का गं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"मी बघितलं नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मान वळवायची होती, ताई. एवढंच! मान वळवायला काय लागतं?"

वळले असते आणि कोणी नसतं तर… हे त्याला कसं सांगणार?

पत्ता विचारत होता, मी दिला नाही. पण बंद लाँड्रीच्या वर, एवढं बोलून गेले होते. शहरात बंद लाँड्र्या असून असून किती असणार?

गेल्या आठवड्यात एक दिवस तो ऑफिसला पोचलाच नाही, म्हणून दुपारी तिथून मला फोन. मी त्याला लावला. लगेच उचलला.

"कुठे आहेस तू?"

"हळू बोल, ताई." कुजबुजत होता. "ऐकतोय."

त्याच्या बाजूला रस्त्याचा आवाज नव्हता. पंख्याचा नव्हता. काहीच नव्हतं. अशी शांतता मी आयुष्यात एकाच खोलीत ऐकलीय. आणि ती खोली आता कुलूपबंद आहे, लंबूच्या घरच्यांनी तसं जाहीर केलंय.

"टिल्ल्या, निघ तिथून. आत्ता."

तो कोणाचं तरी ऐकून सांगावं तसा म्हणाला,

"ते विचारतायत… ताई का नाही आली?"

'ते' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला. नीट जेवला. हसला सुद्धा. आता रोज दुपारी जातो. अडवलं तर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. ग्रुपवर अंदाज बांधणं त्याने सोडलंय. परवा फक्त एक ओळ टाकली, 'येणार आहे.' शेकडो लोकांनी विचारलं, कशावरून? एकालाही उत्तर दिलं नाही.

मी दुकानात बसते, पट्ट्या काढते, रबरं बदलते. भीती वाटायला हवी, हे मला कळतं.

पण तीही वाटत नाही…