केसर काढलेली कळी

"ओ साहेब! ते फूल खिशात काऊन खोसलं?"

मी ओरडलेच. कोण कुठला पोरगा, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून येतो काय आणि आमच्या नराच्या ओळीतलं कपाशीचं फूल तोडतो काय!

"एका फुलाचं काय एवढं?"

"त्या एका फुलाच्या परागावर चार मादी फुलं फळतात. काढा!"

सत्त्याण्णव साल. आंजीला आमचा संकरित बियाण्याचा प्लॉट होता. हा निकेश, सिंदीच्या बियाणेवाल्या मधुकररावांचा मुलगा, प्लॉट पाहायला आलेला. मग रोजच येऊ लागला... प्लॉट काय पळून जाणार होता?

"वर्षाली, कपाशी तं आपली आपणच फळते नं? मंग एवढी खटपट काऊन?"

"म्हणून तं संध्याकाळी कळीतलं केसर काढून टाकतो. मंग तिले दुसऱ्याची वाट पाहाच लागते. सकाळी कोणी पराग लावला तं ठीक... नाई तं गळते बिचारी."

"अन् लावणारा उशिरा आला तं?"

"दुपारी येऊन काय उपयोग?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग माझ्या बोटांवरची पिवळी धूळ त्यानं रुमालानं पुसली — हळूच, एकेक बोट. मी लाजेनं अर्धी झाले.

नवरात्रात त्याच्या घरचे नागपूरची मुलगी पाहून आले.

"मी बाबाले सांगतो. दसऱ्याले तुझ्या घरी येतो, अण्णाजीशी बोलतो," तो म्हणाला.

मी वेडी! हिंगणघाटचं आलेलं स्थळ मोडलं. आईनं कपाळावर हात मारला, पण माझ्या वडलांना, अण्णांना, राजी केलं. माझ्याकडून सगळं झालं होतं. आता फक्त त्यानं तोंड उघडायचं होतं.

दसऱ्याला तो आला. अण्णांना आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला, चहा प्यायला... आणि उठला. मी धावत जाऊन त्याला फाटकाशी गाठलं.

"बोलले काऊन नाई?"

"बाबानं शब्द देऊन टाकला वं... माही हिंमत नाई झाली." त्याचे डोळे भरले होते. "तू मजबूत आहे, वर्षाली. तू सावरून घेशील."

"मजबूत आहो म्हणून मलेच एकटं सोडता का?"

मला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त माझी. इतका जीव लावला होता मी, इतका!

ओसरीवरून अण्णांनी हाक मारली, "कोण आहे वं तिथं, बाई?"

मी डोळे पुसले.

"कोणी नाई, अण्णा. निकेशभाऊ चालले."