हिरडीतले परके

हिरडी नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना वेचकाची आता सवय झाली होती. पालथ्या पातेल्याएवढं ते यंत्र कपड्यांत घुसलं की त्या त्याला पायानं ढकलायच्या. "हो बाजूला मेल्या, मी मासा नाही!"

वेचकाचं काम सोपं होतं. पोहताना माशाच्या अंगावरची बुळबुळ पाण्यात सांडते. तिच्यातली वंशखूण तो वाचायचा. देशी मासा सोडायचा. चिलापी, मांगूर असले परके निघाले की चिकटून विजेचा झटका. चार वर्षांत परके संपले आणि सरकारी तळ्यात वाढवलेली खडस ही देशी मासळी डोहात खेळू लागली. प्रकल्पप्रमुख ऋजुता पेंढारकरला शाल मिळाली. भोईवाड्याला मिळाली मासेमारीबंदीची पाटी.

त्या सकाळी ठकूबाई भोई डोक्यावर हंडा घेऊन घाटावर आली. मागे वाड्यातल्या दहा बाया, दहा हंडे.

"आजी, काय आणलंय?" पाहणीला आलेल्या ऋजुतानं विचारलं.

"नदीचं नदीला. कारखान्याची मळी आली तवा माझ्या सासूनं मरती खडस उचलून देवळाच्या कुंडात ठेवली. नवस बोलली, नदी बरी झाली की परत घालीन. तीस वर्षं पिठाच्या गोळ्या चारल्या. उपाशी निजलो, पण एक मासा चुलीवर चढवला नाही."

"मग मला आधी सांगायचं ना!"

"देवाचा नवस फेडायला तुझा अर्ज भरू काय गं?"

ठकूबाईनं ओटीचे तांदूळ पाण्यात सोडले आणि हंडा कलता केला. तांबूस परांची खडस सळसळत गेली. मागोमाग बाकीचे हंडे रिते होऊ लागले.

घाटापाशी फिरणारे तिन्ही वेचक एकदम वळले.

ऋजुता फोनवर बोटं आपटत राहिली. यंत्र थांबवायची परवानगी शहरातून यायची होती. पाणी तडतडलं. वेचकातला गोड आवाज म्हणाला, "परका मासा काढला. नदी आपली आभारी आहे." पुन्हा तेच. पुन्हा तेच. पांढरी पोटं वर आली. तळ्यातली खडस त्यांच्यामधून निवांत तांदूळ टिपत होती.

शेवटच्या बाईच्या हातातला हंडा ठकूबाईनं हिसकला.

"तुझ्या यंत्राला खडस कुणी दाखवली?"

"मी. दुसऱ्या नदीची, तळ्यात वाढवली तीच. इथली संपली होती."

"संपली, हे विचारलंस कुणाला?"

ऋजुतानं कुणालाच विचारलं नव्हतं. इथली खडस संपल्याच्या अहवालावर मात्र सही तिचीच होती.

हंड्यात एकच मादी उरली होती, अंड्यांनी पोट फुगलेली. तिच्याच हंड्यातला नर पायरीला लागून थिजला होता.

"आजी, ही मला द्या," ऋजुतानं हात पुढे केले. "तळ्यातला नर चालेल हिला. पिल्लं होतील."

वेचक पायरीवर टकटक आपटत होता. ठकूबाईनं हंड्यावर पदर ओढला.

"आणि त्या पिल्लांना हे तुझं पालथं भांडं काय म्हणेल गं?"