कणकेची नळी

आधीच सांगून टाकते, मी संशयी आहे. बांगडा घेताना कल्ले सगळेच उघडून बघतात, मी कोळणीचा चेहरासुद्धा बघते. तर त्या गुरुवारी सकाळी रत्नागिरीच्या प्रशिक्षण हॉलमध्ये एक अनोळखी माणूस माझं उपकरण तोंडात घालून बसलेला दिसला, तेव्हा माझं काय झालं असेल विचार करा!

"अहो! अहो सर! ते माझं आहे!"

त्याने दचकून नळी तोंडातून काढली. समोर स्वागताच्या कोकम सरबताचा ग्लास. "तरीच... मघापासून ओढतोय, काही येतच नाही."

"ती प्यायची नळी नाहीये."

"मग कसली?"

"नाही सांगणार."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा अर्धा मिटतो. मग त्याने नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि तिचं बूड निरखत राहिला... पाच सेकंद... सहा... मी ती खसकन ओढून घेतली आणि पर्समध्ये टाकून चेन लावली.

मी शमिका भाटकर. जयगडच्या अलीकडे एका वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. हे सहा दिवसांचं प्रशिक्षण विज्ञान शिक्षकांसाठी होतं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने स्वतः बनवलेलं उपकरण दाखवायचं, आणि ज्याचं पसंत पडेल त्या एकाला महिनाभर बेंगळुरूच्या एका संस्थेत शिकायला पाठवणार. खऱ्या प्रयोगशाळा, खरे शास्त्रज्ञ! जिल्ह्यातून एकच जागा. मला ती हवी होती... इतकी हवी होती की गेला महिनाभर मला धड झोप नव्हती.

माझं उपकरण म्हणजे ती नळी. एक टोक मेणाने बंद करायचं, आत चार बारीक खिळे टाकायचे, की नळी पाण्यात उभी तरंगते. पाणी जितकं खारट तितकी ती वर येते. माझी मुलं भरती-ओहोटीला खाडीत नळी सोडून पाण्याचा खारटपणा मोजायची. वर्षभराच्या नोंदी होत्या आमच्याकडे.

आणि दोन वर्षांपूर्वी असाच मी तयार केलेला एक पाठ एका सहकाऱ्याने माझ्याकडून 'जरा बघायला' म्हणून नेला आणि वरच्या स्पर्धेत स्वतःच्या नावावर सादर केला. बक्षीसही मिळवलं! मी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून मी कुणाला काही 'जरा बघायला' देत नाही.

नळी चोखणाऱ्याचं नाव समर्थ शिगवण. शाळा खेड तालुक्यात, पार आतल्या वाडीत. बसायला जागा नेमकी माझ्या शेजारी. आणि प्रश्न? संपता संपेनात!

"मॅडम, तुमची शाळा खाडीपासून किती लांब?"

"जवळच."

"जवळच म्हणजे?"

"म्हणजे जवळच."

दुपारी डबा खाताना माझ्या मैत्रिणीने, ज्ञानेश्वरीने, मला कोपऱ्यात ओढलं. ती संगमेश्वरची. "अगो, सावध हो हां. शाळा आडबाजूला, लग्न झालेलं नाही, आणि तुझ्या शाळेची एवढी चौकशी? पती-पत्नी एकत्रीकरण! बदलीसाठी बायको शोधतोय तो."

म्हणजे नवरा-बायको दोघं शिक्षक असले की जवळजवळच्या शाळा मिळतात, ती सवलत. झालं! आता माझ्याकडे दोन संशय होते. एक तर हा माझी नळी चोरणार, नाहीतर माझ्याशी लग्न करून जयगडला येणार. कदाचित दोन्ही.

वाईट हे की... मला त्याचं शेजारी बसणं आवडायला लागलं होतं. खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा वास यायचा, वर पंखा कुरकुरायचा, आणि माझे कागद उडायला लागले की तो न बघता स्वतःची पट्टी त्यांच्यावर ठेवायचा. न बघता! इतकं सहज कुणी चांगलं असतं का? काहीतरी हवं असणारच याला.

शनिवारी त्याने शेवटी विचारलंच. "मॅडम, ती नळी... माझ्या मुलांकडून करून घेऊ का? खालचं टोक कशाने बंद करायचं?"

त्याने वही उघडली, पेन धरलं. त्या वहीत माझी नळी काढलेली होती. खिळ्यांसकट! माझ्या डोक्यात सणक गेली.

"कणकेने," मी म्हटलं.

"कणकेने?"

"हो. घट्ट मळायची. चांगली बसते."

त्याने माझ्याकडे बघितलं... जरा जास्तच वेळ. मग खाली मान घालून नीट अक्षरात लिहिलं, 'कणीक – घट्ट.' पाण्यात कणीक किती टिकते हे तुम्हाला सांगायला नको. करू दे चोरी, म्हटलं, सगळ्यांसमोर बुडू दे याची नळी!

त्या रात्रीचं जेवण काही मला गोड लागलं नाही. समोर चपात्याच होत्या.

रविवारच्या सुट्टीला तो गावी गेला आणि सोमवारी परत आला. मी जीव मुठीत धरून बसले होते.

"केल्या हो नळ्या," तो म्हणाला. "वाडीतली सव्वीस पोरं जमली होती. मस्त झाल्या!"

मस्त? कणकेच्या? म्हणजे हा माणूस खोटं बोलतोय! मला इतका राग आला, की मीच आधी खोटं बोलले होते हे सोयीस्कर विसरले.

मंगळवारी, शेवटच्या दिवशी सकाळी, आमच्या मुख्य प्रशिक्षक दमयंती मॅडमनी फळ्यासमोर उभं राहून सांगितलं, "यंदा एक अट आहे. उपकरण तुम्हाला जमलं, छान. पण तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्या कुणा शिक्षकाला जमलं का? जमलं असेल तरच नाव पुढे जाईल. आपण इथे एकमेकांकडून शिकायलाच आलो आहोत ना?"

अख्ख्या हॉलमध्ये मी माझी नळी एकाच माणसाला सांगितली होती. तीही चुकीची.

माझी पाळी आली. मी नळी तरंगवून दाखवली, वर्षभराच्या नोंदी दाखवल्या. माना डोलल्या. मग दमयंती मॅडम म्हणाल्या, "हं, आणि ही दुसऱ्या कुणी केली?"

मी जमिनीकडे बघत होते... आणि शेजारची खुर्ची सरकली.

"मी केली," समर्थ म्हणाला.

त्याने पिशवीतून एक नळी काढून मिठाच्या पाण्यात सोडली. ती ताठ उभी तरंगली. टाळ्या वाजल्या. पण मी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होते. तिथे दुसरी एक नळी उलटी खोचलेली होती, तिच्या बुडाला वाळलेली पांढरट कणीक. ती त्याने बाहेर काढली नाही.

"शिगवण सर, भाटकर मॅडमनी सांगितली अगदी तशीच केलीत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तो हो म्हणणार होता. माझ्यासाठी, सगळ्यांसमोर, सरळ खोटं बोलणार होता! बेंगळुरू माझ्यापासून एका शब्दावर होतं.

"नाही!" मीच ओरडले. "मी त्यांना कणीक सांगितली होती. मुद्दाम. मला वाटलं, ते माझं उपकरण चोरतील. त्यांच्या खिशात बघा... ती नळी माझ्या सांगण्यावरून केलेली आहे."

ज्ञानेश्वरीने तोंडावर हात ठेवला. दमयंती मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उपकरण फार चांगलं आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी परत आणा. येताना चार जणांना शिकवून आणा."

जागा दापोलीच्या भागोजी गुरव सरांना मिळाली. मी टाळ्या वाजवल्या. या वेळी मनापासून, पण डोळे भरलेच.

संध्याकाळी एसटी स्टँडवर तो माझ्या बाकावर येऊन बसला. मध्ये त्याची पिशवी.

"रागावलात?" मी विचारलं.

"कशासाठी?"

"कणकेसाठी."

"मेण मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं, मॅडम. उजेडात."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "मग कणकेची केलीत कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून. तेरा मेणाच्या केल्या, तेरा कणकेच्या. कणकेच्या दहा मिनिटांत बुडाल्या. पोरांना त्याच जास्त आवडल्या."

"आणि माहीत होतं तर मला विचारलंत कशाला?"

तो चपलेच्या टोकाने जमीन उकरायला लागला. "बोलायला काहीतरी हवं ना... दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाला तुम्ही धड उत्तर देत नव्हता."

मला ओठ दाबून हसू आवरावं लागलं. पण दुसरा संशय अजून शिल्लक होता, आणि मी पडले संशयी.

"एक सरळ विचारते. माझ्याशी लग्न करून बदली घ्यायचा विचार आहे का तुमचा?"

त्याला ठसकाच लागला. "मॅडम! मी अजून तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही!"

मी लाजेने अर्धी झाले. तो मात्र डोळा मिटून हसत सुटला. मग जरा गंभीर झाला. "मला बदली नकोय हो. मागच्या वेळी अर्जच भरला नाही. सातवीत आता कुठे अकरा पोरं झालीत, त्यांना सोडून कुठे जाऊ? फक्त खाडीचं पाणी हवंय. आमच्या वाडीतलं सगळं पाणी गोडं, नळी हलतच नाही. पोरं म्हणाली, सर, भरतीचं पाणी आणा."

माझी गाडी लागली. मी खिडकीत बसले. तो खाली उभा.

"रविवारी येऊ? भरती किती वाजता आहे?"

"साडेनऊ!" मी ओरडले, आणि गाडी सुटली.

भरती साडेअकराला होती. दोन तास जास्तीचे मिळावेत म्हणून सांगितलं, दुसरं काय!

रविवारी मी साडेआठलाच खाडीच्या धक्क्यावर गेले. येणार नाहीच, अशी खात्री करायला. तर तो पायरीवर बसलेला. शेजारी बाईक, दोन रिकामे कॅन आणि खिशात नळ्या. पहाटे चारला निघाला असणार.

"भरती साडेअकराला आहे," तो म्हणाला. "मोबाईलवर बघितलं मी."

"मग इतक्या लवकर का आलात?"

"तुम्ही साडेनऊ सांगितलंत ना..."

मी त्याचा चेहरा बघितला. कोळणीचा बघते तसा, नीट, वेळ घेऊन. काही म्हणजे काही सापडलं नाही.

"समर्थ," मी म्हटलं, "तुम्ही मला आवडता. खूप."

त्याचे कान लाल झाले. खाडीकडे बघत त्याने हळूच विचारलं, "कणीक... की मेण?"

"मेण!" मी म्हटलं, आणि पाणी चढायची वाट बघत त्याच्या शेजारी बसले.